मुखपृष्ठावरची मुलगी आणि आतली कादंबरी

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी दोन दिवसांची लेखन कार्यशाळा घेणार होते. विषय होता व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर वाचायची कादंबरी. मागे चित्र, समोर बोलणारं पात्र, खाली चौकटीत मजकूर, सोबत संगीत, आणि अधूनमधून ‘आता काय करायचं?’ असा थेट वाचकालाच विचारलेला प्रश्न. मराठी विभागाच्या सरांना कल्पना मनापासून आवडली होती. तारखा ठरल्या, वर्गखोली ठरली, चहाचं कोण बघणार तेही ठरलं. अर्ज भरताना नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते पाहावं म्हणून सरांनी ते दोन शब्द ब्राउझरमध्ये टाकले आणि सहज चित्रांवर क्लिक केलं.

पडदा मुलींनी भरून गेला. मोठ्या डोळ्यांच्या, गुलाबी-निळ्या केसांच्या, काही पोहण्याच्या कपड्यांत, काही त्याहूनही कमी कपड्यांत, आणि सगळ्या बघणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या. सरांनी दोनदा खाली सरकवलं. चित्रं संपेनात. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे मी प्राचार्यांना कसं दाखवू?"

कार्यशाळा झाली नाही. मला सरांचा राग आला नाही, आजही नाही. त्यांनी जे पाहिलं ते कुणी मुद्दाम त्यांच्यासाठी रचलेलं नव्हतं. हा साहित्यप्रकार गेली तीसेक वर्षं स्वतःला बाजारात ज्या रूपात मांडत आला, तेच रूप त्यांना दिसलं. मी पंधरा वर्षं हे वाचते आहे, आणि माझं म्हणणं सरळ आहे: या कादंबऱ्यांत शृंगार असतो याबद्दल कुणी लाजायचं कारण नाही. पण शृंगाराचीच पाटी करून ती प्रत्येक दारावर ठोकली गेली, आत काय आहे हे न सांगता ठोकली गेली, आणि त्यामुळे ज्या वाचकांसाठी ही पुस्तकं लिहिली गेली त्यातले निम्मे दारातूनच परत गेले.

त्या मुलांना मी काय दाखवणार होते ते सांगते. ‘की’ या जपानी कंपनीची ‘क्लॅनाड’ ही २००४ सालची व्हिज्युअल नॉव्हेल. तिच्या उत्तरार्धात तोमोया नावाचा तरुण बाप आहे. बायको बाळंतपणात गेलेली. मुलीकडे पाहिलं की बायको आठवते म्हणून त्यानं पाच वर्षं तिला आजी-आजोबांकडे ठेवलेलं. शेवटी तो तिला घेऊन प्रवासाला निघतो. वाटेत तिला एक खेळण्यातला रोबो घेऊन देतो, आणि फुलांच्या एका शेतात ती तो हरवते. बाप म्हणतो, दुसरा घेऊ. मुलगी शोधत राहते, कारण बाबांनी तिला पहिल्यांदाच काहीतरी निवडून दिलेलं असतं. तिथंच त्याला आपली आजी भेटते, आणि ज्या बापाचा त्यानं आयुष्यभर तिरस्कार केला त्या बापानंही बायको गेल्यावर एका लहान पोराला एकट्यानं कसं वाढवलं, ते सांगते.

छापील कादंबरीत ही दोन पानं आपण एका दमात वाचून टाकू. इथं तसं होत नाही. एक ओळ येते आणि थांबते. तुम्ही बोट दाबल्याशिवाय दुसरी येत नाही. मुलगी शेतात वाकून शोधते आहे, संगीत तेच सुरू आहे, आणि पुढची ओळ आणायची की नाही हे तुमच्या हातात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका ओळीवर कितीतरी वेळ बोट न दाबता बसून राहिले होते. वाचकाच्या बोटानं चालणारी ही लय दुसऱ्या कुठल्याही कलाप्रकारात नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुलांना ती एकदा अनुभवू द्यावी एवढीच माझी इच्छा होती.

‘क्लॅनाड’मध्ये एकही कामदृश्य नाही. पहिल्या दिवसापासून ती सर्व वयांसाठी म्हणूनच विकली गेली. पण तिचं मुखपृष्ठ सरांच्या पडद्यावर त्या गर्दीत असतं तर त्यांना वेगळं ओळखू आलं असतं का? आलं नसतं. तेच डोळे, तोच गणवेश, तीच रांगेत उभ्या मुलींची मांडणी.

असं का झालं हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १९८० च्या दशकात जपानी घरांत आणि कचेऱ्यांत एनईसी कंपनीचा पीसी-९८ हा संगणक पसरला. कांजी अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून त्याचा पडदा त्या काळाच्या मानानं बारीक रेषांचा, ६४० बाय ४००, आणि रंग एका वेळी १६. वेगानं धावणारी चित्रं त्याला झेपत नसत. स्थिर चित्र आणि मजकूर मात्र तो सुरेख दाखवे. दुसरीकडे निन्टेन्डोसारख्या कंपन्यांच्या यंत्रांवर काही विकायचं तर त्यांची परवानगी लागे, आणि ‘तसलं’ काही तिथं चालत नसे. पीसीवर कुणाची परवानगी नको. चार-पाच माणसांची कंपनी, एक चित्रकार, एक लेखक, आणि प्रौढांसाठीची काही चित्रं घातली की ठराविक गिऱ्हाईक नक्की. धंद्याचं गणित असं जुळलं. आज ऐतिहासिक युद्धखेळांसाठी नावाजलेल्या कोएई कंपनीनंही १९८२ मध्ये ‘नाइट लाइफ’ नावाचं प्रौढांसाठीचं सॉफ्टवेअर काढलं होतं.

१९९१ मध्ये क्योतोत एका शाळकरी मुलानं असला प्रौढांसाठीचा एक कॉम्प्युटर खेळ दुकानातून चोरला. प्रकरण पेटलं, पोलिसांचे छापे पडले, तो खेळ काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. मग १९९२ मध्ये या उद्योगानं स्वतःच एक नियमन संस्था उभी केली, खोक्यांवर वयाचे शिक्के आले. म्हणजे सरकारी बडग्याच्या भीतीनं का होईना, आत काय आहे ते बाहेर सांगायची सुरुवात तेव्हा झाली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुन्हा येईन.

‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव कुठून आलं? १९९२ मध्ये चुनसॉफ्ट कंपनीनं निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रावर ‘ओतोगिरिसो’ नावाची भयकथा काढली आणि तिला ‘साउंड नॉव्हेल’ म्हटलं. पडदाभर मजकूर, मागे वाड्याचं चित्र, दाराची करकर, पावसाचा आवाज. शृंगार औषधालाही नाही. १९९६ मध्ये लीफ या कंपनीनं ती मांडणी उचलली, त्यात पात्रांची मोठी चित्रं आणि प्रौढांसाठीची दृश्यं घातली, आणि ‘शिझुकु’पासून सुरू झालेल्या आपल्या मालिकेला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ असं नाव दिलं. नाव जन्मलं ते असं, अठरा वर्षांवरील वाचकांसाठीच्या खोक्यावर. पुढे चुनसॉफ्टचं नाव मागे पडलं आणि लीफचं नाव साऱ्या प्रकाराला चिकटलं.

१९९६ मध्येच जास्ट यूएसए या प्रकाशनानं ‘सीझन ऑफ द साकुरा’ इंग्रजीत आणली. इंग्रजीत आलेल्या अगदी सुरुवातीच्या जपानी कादंबऱ्या अशा बहुतांशी प्रौढांसाठीच्याच होत्या, कारण लाखो अक्षरांचं भाषांतर करण्याचा खर्च फक्त त्याच विक्रीतून निघेल असं गणित होतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, नागपुरात, कोल्हापुरात जे काही पोहोचलं ते इंग्रजीच्याच दारातून. त्यामुळे जपानमध्ये ज्यांना वेगवेगळी नावं आहेत, मुलींशी प्रेम करण्याच्या कथा वेगळ्या, बायकांसाठी लिहिलेल्या ‘ओतोमे’ कथा वेगळ्या, निव्वळ कामुक वेगळ्या, वाचकाला रडवणाऱ्या वेगळ्या, ते सगळं आपल्यापर्यंत एकाच नावाच्या गाठोड्यात आलं.

आणि या गाठोड्यातून चांगलं काही निघालं की ते लगेच दुसऱ्याच्या नावावर जातं. कॅपकॉम कंपनीची वकिलाची मालिका ‘एस अटर्नी’ २००१ मध्ये जपानमध्ये सुरू झाली आणि पुढे जगभर वाचली गेली. पान-पान मजकूर वाचायचा, साक्षीदाराच्या बोलण्यातली विसंगती पकडायची. तिला लोक साहसखेळ म्हणतात. ‘स्टाइन्स;गेट’ २००९ ची, काळप्रवासावरची. तिला विज्ञानकथा म्हणतात. ‘हिगुराशी’ २००२ मध्ये एका छोट्या हौशी गटानं कोमिकेत या चाहत्यांच्या बाजारात विकायला आणली. वाचकाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, निव्वळ वाचायची, कामदृश्य एकही नाही. तिला भयकथा म्हणतात. हे सगळे शब्द बरोबरच आहेत. पण प्रत्येक वेळी असं झालं की मागे ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या नावाखाली उरतात त्या फक्त पडद्यावरच्या मुली.

माणसांच्या बाबतीतही तेच. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी दिग्दर्शक मकोतो शिनकाई यांचा ॲनिमेशन चित्रपट भारतीय चाहत्यांच्या याचिकेनंतर इथल्या चित्रपटगृहांत लागला. २०२३ मध्ये त्यांचाच ‘सुझुमे’ लागला तेव्हा मी स्वतः कोथरूडमधल्या एका भरलेल्या सभागृहात बसले होते. आसपास महाविद्यालयीन मुलं, दोन-तीन ठिकाणी आई-वडीलही सोबत. पाऊस, आकाश, रेल्वेच्या तारा, रिकामी घरं हे जे शिनकाईंचं जग आहे, त्याचे सुरुवातीचे तुकडे मिनोरी नावाच्या कंपनीच्या व्हिज्युअल नॉव्हेलांसाठी त्यांनी केलेल्या आरंभीच्या चित्रफितींत आहेत, ‘विंड’, ‘हारु नो आशिओतो’, ‘एफ’. या कादंबऱ्या प्रौढांसाठीच्या होत्या. ‘मादोका मागिका’ ही गाजलेली ॲनिमेशन मालिका लिहिणारे गेन उरोबुची हेही याच उद्योगात घडले. इतक्या उघड नात्याचा उल्लेख करतानाही लोक चाचरतात. लपवावं असं त्यात काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

जपानमध्येच याचं आणखी एक उदाहरण आहे. १९७१ पासून १९८८ पर्यंत निक्कात्सु या जुन्या चित्रपट कंपनीनं बुडता धंदा सावरायला कामुक चित्रपट काढले. ठराविक अंतरानं तसं दृश्य आलं पाहिजे ही अट. बाकी कथा, कॅमेरा, विषय दिग्दर्शकाचा. त्या मोकळीकीत काही उत्तम दिग्दर्शक तयार झाले. पीसीवरच्या लेखकांचंही हेच झालं. काही दृश्यं द्या, उरलेल्या चाळीस तासांत काय लिहायचं ते लिहा. एवढ्या लांबीची, एवढी विचित्र, एवढी उदास कादंबरी दुसऱ्या कुठल्या प्रकाशकानं नवख्या लेखकाकडून घेतली असती? या शृंगारानं घर चालवलं आहे, आणि ज्यानं घर चालवलं त्याला पाहुण्यांसमोर आतल्या खोलीत बसवणं मला मान्य नाही.

पण घर चालवणं वेगळं आणि दारावर उभं राहणं वेगळं. जाहिरातीची यंत्रणा एकदा जवळून पाहा. खोक्याची किंमत साधारण ८,८०० येन, म्हणजे साध्या कादंबरीच्या कितीतरी पट. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नव्या गोष्टी बाजारात येतात. प्रत्येक दुकानाची वेगळी भेटवस्तू: भिंतीवर लावायचं कापडी चित्र, उशीचा अभ्रा, आणि त्यावर नायिका, दुकानागणिक वेगळ्या पेहरावात. कंपनीच्या संकेतस्थळावर पात्रपरिचय. त्यात नाव, वाढदिवस, रक्तगट, आवडता पदार्थ, आणि त्याखाली छाती, कंबर, नितंब अशी तीन मापं सेंटिमीटरमध्ये. ही मापं कादंबरीत कुठंही येत नाहीत. समजा, कथेत ती बाई आपल्या आईच्या मृत्यूनंतर घर विकायला गावी परतलेली असते, पन्नास तास आपण तिच्या अपराधी मनाशी बोलत असतो. तिची कंबर किती हे तिच्या लेखकाच्याही मनात नसतं. पण वाचकाला तिची पहिली ओळख होते ती या आकड्यांनी.

चाळीस तासांचा मजकूर दुकानात दाखवता येत नाही, चित्र दाखवता येतं, हे मला समजतं. पण मराठी प्रकाशकही दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर हीच अडचण सोडवत आले आहेत. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे, आणि त्या मासिकावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण कर्व्यांच्या मुखपृष्ठात आणि आतल्या मजकुरात अंतर नव्हतं. शरीराची लाज बाळगू नका, हे बाहेरचं चित्र सांगे आणि आतला प्रत्येक लेख तेच सांगे. मुखपृष्ठावरच्या बाईशी आतला लेखक प्रामाणिक होता. मला व्हिज्युअल नॉव्हेलच्या मुखपृष्ठांकडून एवढंच हवं आहे.

माझ्यासारखेच हे वाचणारे माझे काही मित्र वेगळं सांगतात. ते म्हणतात, शृंगाराच्या गोष्टी काढूच नको. ‘क्लॅनाड’ दाखव, ‘प्लॅनेटेरियन’ दाखव, सोज्वळ यादी कर, लोकांना पटेल. हा सल्ला चांगल्या मनानं दिलेला आहे आणि तो मला साफ नामंजूर आहे. एक तर त्यात खोटेपणा आहे. ‘की’नं ‘क्लॅनाड’च्या आधी ‘कॅनन’ आणि ‘एअर’ प्रौढांसाठी काढल्या होत्या. त्यांतली दृश्यं नंतर गाळली तेव्हा कथेचं फारसं काही बिघडलं नाही, म्हणजे ती दृश्यं विक्रीसाठीच होती, हे खरं. पण सगळीकडे तसं नाही.

लीफचीच ‘व्हाइट अल्बम २’ घ्या. तिचा दुसरा, मोठा भाग २०११ मध्ये आला. हारुकी आता महाविद्यालयात आहे, एका प्रकाशन संस्थेत काम करतो. सेत्सुना अजून त्याच्यावर प्रेम करते, आणि दोघांमध्ये काझुसा आहे, जी काही वर्षांपूर्वी युरोपला निघून गेली. नाताळच्या आदल्या रात्री दोघं हॉटेलच्या खोलीत पोहोचतात. सगळं जुळून आलेलं. आणि सेत्सुना त्याला दूर लोटते, कारण काझुसावर त्यानं मासिकात लिहिलेला लेख तिनं वाचलेला असतो, आणि हा माणूस काझुसाला विसरलेला नाही हे त्या वाक्यांतून तिला कळलेलं असतं. चाहत्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातून मी हा प्रसंग वाचला. शरीर आणि प्रेम यांच्यामधला खोटेपणा इतक्या अचूक पकडणारं लेखन मी फार थोडं वाचलं आहे. पुढे जेव्हा खरंच शरीरसंबंध येतो, तेव्हा त्याचं ओझं या न घडलेल्या रात्रीमुळे असतं. ही दृश्यं काढून टाका आणि मग सांगा की ही कादंबरी विश्वासघाताबद्दल आहे. सोज्वळ यादीत हिला जागा नाही. पण साहित्य म्हणून मी शपथेवर हिचं नाव आधी घेईन.

आता एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. या खेळांतल्या कितीतरी नायिका शाळेच्या गणवेशात असतात, दिसायला लहान असतात, आणि कामदृश्यंही त्यांचीच असतात. खोक्यावर मात्र ‘सर्व पात्रं अठरा वर्षांवरील आहेत’ अशी ओळ छापलेली असते. ती ओळ मला कधी पटली नाही आणि पटणार नाही. चित्र जे सांगतं ते एका ओळीनं पुसलं जात नाही. असल्या दृश्यांसाठी कलेचं नाव घेऊन भांडायला मी उभी राहणार नाही, आणि जे उभे राहतात त्यांनी या साहित्यप्रकाराचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याही टीकाकारानं केलेलं नाही.

२००९ मध्ये हे स्पष्ट झालं. बलात्कार हाच ज्याचा विषय होता असं २००६ चं एक जपानी सॉफ्टवेअर परदेशी दुकानात दिसलं आणि महिला हक्क संघटनांनी आवाज उठवला. त्या आवाजात तथ्य होतं. त्याच वर्षी जपानी नियमन संस्थेनं अशा आशयाच्या विक्रीवर बंदी घातली. ते सॉफ्टवेअर व्हिज्युअल नॉव्हेल म्हणावं असं नव्हतंही. पण उद्योगाचं उत्तर काय होतं? काही कंपन्यांनी आपली संकेतस्थळं परदेशी वाचकांना बंदच करून टाकली. त्यात मिनोरीही होती, शिनकाईंनी जिच्यासाठी चित्रफिती केल्या ती. ‘आमच्यात काय आहे आणि काय नाही’ हे सांगण्याची संधी होती, तेव्हा दार लावून घेतलं. लोकांनी मग सगळ्यात वाईट तेच खरं मानलं. दुसरं काय मानायचं?

पुढच्या दशकात हे सगळं स्टीम या ऑनलाइन दुकानात आलं. तिथं पाश्चात्त्य वाचकांची पहिली मोठी लाट आली ती २०१४ मध्ये, मूळ इंग्रजीतच लिहिलेल्या ‘साकुरा स्पिरिट’सारख्या, अंगप्रदर्शनावर खपलेल्या छोट्या गोष्टींमुळे, आणि वर्षाच्या शेवटी मांजरीचे कान असलेल्या नायिकांच्या ‘नेकोपारा’मुळे. ‘क्लॅनाड’ इंग्रजीत स्टीमवर यायला २०१५ उजाडलं. अकरा वर्षं जुनी कादंबरी, आणि तोवर फडताळ कशाचं आहे ते ठरून गेलेलं. त्याच काळात एक पद्धत रुळली: दुकानात सोज्वळ आवृत्ती ठेवायची आणि उरलेली दृश्यं वेगळ्या फाइलनं दुसरीकडून उतरवून घ्यायला लावायची. चित्रात भूक चाळवायची, पाटीवर ‘सर्वांसाठी’ लिहायचं. शृंगार शोधणाऱ्याची फसवणूक, आणि कथा शोधणाऱ्याचीही.

दुकानदारांचं धोरण त्याहून डळमळीत. मे २०१८ मध्ये स्टीमनं काही प्रकाशकांना अचानक ‘बदला नाहीतर काढतो’ अशी पत्रं पाठवली, मग मागे घेतली. जूनमध्ये बेकायदा आणि निव्वळ खोडसाळ सोडून सगळं चालेल असं जाहीर केलं. सप्टेंबरात पहिली विनाकात्री प्रौढ कादंबरी विक्रीला आली. जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संघटनेच्या मोहिमेनंतर कार्ड कंपन्यांच्या बाजूनं दबाव आला आणि स्टीमनं बरंच काही हटवलं. इच या छोट्या स्वतंत्र लेखकांच्या दुकानानं तर ‘प्रौढांसाठी’ अशी खूण असलेली सगळी पानं एका रात्रीत शोधातून गायब केली. त्यात काय वाईट होतं आणि काय नव्हतं हे कुणी वाचून पाहिलं नाही. खूण होती, एवढं पुरे झालं.

इथं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटतं. १९९२ मध्ये खोक्यांवर शिक्के आले ते वाचकाला आधी कळावं म्हणून. आता ज्या लेखिकेनं प्रामाणिकपणे ‘यात प्रौढ आशय आहे’ असं लिहिलं ती दिसेनाशी झाली, आणि जिनं लपवलं ती दुकानात राहिली. जपानमध्ये हे आधीच होऊन गेलं होतं. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये डीएलसाइट या मोठ्या दुकानानं कार्ड कंपन्यांच्या दबावाखाली आशय सांगणाऱ्या खुणांची नावं बदलून गोलमोल शब्द घातले, आणि तरीही काही दिवसांत तिथं व्हिसा-मास्टरकार्ड चालेनासं झालं. शब्द धूसर केले की वाचकाला, पालकाला, शिक्षकाला कळण्याचा एकमेव मार्गच बंद होतो. मला ज्या दृश्यांची चीड आहे ती ओळखून टाळण्याचा मार्गही बंद होतो.

चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेचा खटला मराठी वाचकांना आठवत असेल. १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात ती आली, मुंबई उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. न्यायमूर्तींनी कथा स्वतः वाचली. सुटी वाक्यं उचलून ठरवू नका, कथा सबंध वाचून ठरवा, ही त्यामागची भूमिका होती. एका सवंग मासिकातल्या कथेला आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयानं जे दिलं, ते कार्ड कंपनीच्या कचेरीत कुठल्या व्हिज्युअल नॉव्हेलला मिळेल? तिथं सबंध तर सोडाच, पहिलं पानही कुणी उघडणार नाही.

या सगळ्यात बायका कुठं आहेत असं मला नेहमी विचारलं जातं, बहुधा टोमणा म्हणून. त्या पहिल्यापासून आहेत. ‘नाइट लाइफ’ काढणाऱ्या त्याच कोएईमध्ये केइको एरिकावा यांनी बायकांचा स्वतंत्र गट उभारला आणि १९९४ मध्ये ‘अँजेलिक’ आणली. बायकांसाठी लिहिलेल्या प्रेमकथांचा सबंध प्रवाह तिथून सुरू झाला. ‘हाकुओकी’ २००८ ची, शिन्सेनगुमी या एकोणिसाव्या शतकातल्या सामुराईंच्या दलाच्या इतिहासावरची, माझ्या दोन मैत्रिणींनी रात्र-रात्र जागून वाचली आहे. सरांच्या पडद्यावर त्यातलं एकही चित्र नव्हतं. आपल्यासाठी लिहिलेलं काही आतमध्ये आहे, हे दारात उभ्या बाईला कळावं तरी कसं?

कार्यशाळा रद्द झाल्यावर मी पाच जणांना घरी बोलावलं. रेनपाय हे व्हिज्युअल नॉव्हेल तयार करण्याचं मोफत साधन आहे, २००४ पासूनचं. पूर्वी त्यात देवनागरी तुटायची, ‘क्ष’ आणि ‘त्र’चे तुकडे पडायचे, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. आता नव्या आवृत्त्यांत जोडाक्षरं नीट येतात. मराठीत एम.ए. करणारी एक मुलगी होती, कराडची. तिची गोष्ट चाळिशीतल्या एका विधवेची आहे, जी दर शनिवारी रात्रीच्या एसटीनं स्वारगेटहून गावी जाते, आणि त्याच गाडीतल्या एका वाहकाशी तिचं नातं जुळतं. गोष्टीत दोघांची एक रात्र आहे. ती मुलीनं इतक्या हळुवारपणे लिहिली आहे की वाचताना मी दोनदा थांबले. मधल्या एका निर्णयावर वाचकाला ठरवायचं आहे की बाईनं कपाळावर टिकली लावून जायचं की नाही.

मुखपृष्ठासाठी तिनं स्वतः चित्र काढलं: एसटीची खिडकीजवळची सीट, तिच्यावर दोन तिकिटं, आणि काचेवर पाऊस. पहिल्या पडद्यावर तिनं लिहिलं, ‘या कथेत दोन प्रौढ माणसांचा शरीरसंबंध आहे.’ मग इचवर चढवायला बसली, आणि ‘प्रौढ आशय’ या चौकटीपाशी थांबली. "ताई, इथं खूण केली तर ही कुणाला सापडेल का?" मी तिला २०२५ च्या जुलैत काय झालं ते सांगितलं. खूण नाही केली तर खोटं ठरेल, हेही सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला, म्हणाली विचार करते. त्याला आता चार महिने झाले. कथा पूर्ण आहे, चित्र तयार आहे, आणि ती चौकट अजून रिकामी आहे.